गेलेल्यांची एकतीस मतं

ते साल एकोणीसशे एक्क्याण्णव. फुटबॉलच्या मैदानांना साबणांची नावं द्यायला नुकतीच सुरुवात झाली होती. सामना किती वाजता सुरू करायचा हे टीव्हीवाल्यांना विचारून ठरू लागलं होतं. लोकांना त्याची अजून गंमत वाटायची. कंटाळा यायला दोन-तीन वर्षं अवकाश होता.

त्या मोसमातल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरचा जिना चढून एक म्हातारी बाई वर आली. जिन्यात ती तीनदा थांबली. वर दोन खोल्या होत्या आणि दारावर पाटी होती : खासगी चौकशी.

चौकशी करणाऱ्या बाईंनी चोवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. नवरा गेल्यावर त्यांनी शाळा सोडली आणि हे काम धरलं. त्यांचे धाकटे दीर वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावरून निवृत्त झाले होते आणि घरी बसून कंटाळत होते, म्हणून रोज इथं येऊन बसत. ते बाईंना वहिनी म्हणत, त्या त्यांना भावोजी म्हणत, आणि ऐकून ऐकून बाकीचे लोकही तसंच म्हणू लागले होते.

"अहो, या तर बिल्लेवाल्या मावशी!" भावोजी खुर्चीतून उठलेच. "या, बसा. वहिनी, क्लबच्या फाटकावर तीस वर्षं यांचं राज्य आहे."

"होतं म्हणा," मावशी बसत म्हणाल्या. "उद्या चार वाजता मला काढणार आहेत. काढू देत. सदुसष्ट वर्षांची झाले मी, किती दिवस बसणार? पण चोर म्हणून काढणार आहेत हो."

वहिनींनी पाण्याचं भांडं पुढं केलं. "पहिल्यापासून सांगा. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तेव्हा सगळंच सांगा."

मावशींनी सांगितलं ते असं. क्लब सभासदांचा होता. प्रत्येक सभासदाकडे नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे. सामन्याला आलं की बिल्ला फाटकाजवळच्या फळीवर आपल्या नंबरच्या खिळ्याला अडकवायचा, जाताना काढून घ्यायचा. सभासद वारला की घरचे लोक बिल्ला मावशींना आणून देत. त्या मोसमात जितके गेले तितक्यांचे बिल्ले मावशी बुटाच्या एका जुन्या नाडीत ओवत आणि स्टँडखालच्या आपल्या खोलीत पत्र्याच्या डब्यात ठेवत. एका मोसमाची एक नाडी. गेलेल्याचा नंबर पुन्हा कुणाला देत नसत.

"आणि मतदान?"

"तेही बिल्ल्यानंच. दोन पेट्या, एक 'हो'ची, एक 'नको'ची. ज्याला जे वाटेल त्या पेटीत बिल्ला टाकायचा. परवा रविवारी झालं ना. क्लब कंपनीला विकायचा की नाही."

"मी टाकला 'नको'त," भावोजी म्हणाले. "'नको'च जिंकलं, वहिनी! चारशे पन्नास विरुद्ध चारशे दोन. पण मोजताना 'नको'च्या पेटीत एकतीस बिल्ले गेलेल्या लोकांचे निघाले."

वहिनींनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "ते काढले तरी 'नको'चे चारशे एकोणीस उरतात. जिंकलंच की."

"नियम अकरा," मावशी थकल्या आवाजात म्हणाल्या. "पेटीत एक जरी खोटा बिल्ला सापडला, तरी अख्खं मतदान रद्द. मग निर्णय कार्यकारिणीचा. पाच माणसं. त्यातले तिघं विकायच्या बाजूचे आहेत, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लोक मला म्हणतात, मावशी, जिंकलेला क्लब तुम्ही घालवलात."

"डबा तुमच्या खोलीत आणि तुम्ही 'नको'वाल्या."

"हो ना. मी काही लपवून ठेवलं नव्हतं. फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, नको म्हणा रे." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "ती खोली गेली तर बहिणीच्या मुलाकडे जाईन. नाही म्हणायचा नाही तो. पण ज्यांचे बिल्ले मी ओवले त्यांच्या बायका-मुलं मला रस्त्यात भेटतात. त्यांना काय तोंड दाखवू?"

"डबा शेवटचा कधी उघडलात?"

"गुरुवारी. शिंपी वारला, त्याचा बिल्ला घातला. या मोसमातला आठवा. सगळं जागच्या जागी होतं. शुक्रवारी दुपारी तेवढी डोळे दाखवायला गेले होते. किल्ली चिटणिसांच्या कचेरीत ठेवली होती."

वहिनी उठल्या आणि छत्री घेतली. उन्हाला त्या नेहमी छत्री घेत.

"चला. आधी डबा पाहू."

मावशींची खोली स्टँडच्या पायऱ्यांखाली होती, त्यामुळे छत एका बाजूला उतरत गेलेलं. एक खाट, एक स्टोव्ह, चेंडूत हवा भरायचा पंप, चहाची मोठी किटली. डबा खाटेखाली होता.

वहिनींनी तो उघडला. सगळ्यात वर एक नाडी होती, तिच्यात आठ बिल्ले, टोकाला साधी गाठ. तिच्याखाली चार रिकाम्या नाड्या. त्याखाली पुन्हा बिल्ले ओवलेल्या नाड्या, थेट तळापर्यंत.

"वरच्या आठांना हात लावलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "त्याखालच्या चार मोसमांचे गेले. किती होते?"

"सात, नऊ, आठ, सात."

"एकतीस. बरोबर." त्यांनी एक रिकामी नाडी उचलली. ती छोट्या लडीसारखी घट्ट गुंडाळलेली होती आणि टोक दोनदा आत खोवलेलं होतं. चारही तशाच. "या तुम्ही गुंडाळल्यात?"

"छे. मी नुसती गाठ मारते. पोलिसासारखं काय पाहताय तिच्याकडे? नाडी आहे ती."

"चोर मोठा टापटिपीचा आहे," भावोजी हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी चारही नाड्या रुमालात बांधून घेतल्या.

अध्यक्षांच्या खोलीत काचेखाली नव्या मैदानाची प्रतिकृती ठेवलेली होती. अध्यक्ष ठेकेदारीत मोठे झाले होते. बोलताना बोटानं त्या काचेवरची धूळ पुसत राहायची त्यांना सवय होती.

"बाई, मी कधी चेंडूला पाय लावला नाही. हे मी लपवत नाही," ते म्हणाले. "पण मला स्टँडच्या तुळया दिसतात. त्या कुजल्यात. बिल्ल्या-खिळ्यांवर क्लब चालत नाही आता. बाहेरचे क्लब पगारी खेळाडू ठेवतात. आमचा गोलरक्षक दिवसभर छापखान्यात उभा राहून संध्याकाळी सरावाला येतो. झेलणार काय तो? डुलक्या घेतो."

"कंपनी आली की सगळे बाहेरचे येतील ना?"

"नाही, नाही. मुख्य प्रशिक्षक आपल्यातलाच घेऊ, असं त्यांनी कबूल केलंय. नाव मात्र मलासुद्धा सांगत नाहीत. म्हणतात, आत्ताच सांगितलं तर तो माणूस अडचणीत येईल."

"शुक्रवारी दुपारी मावशींच्या खोलीत गेला होतात?"

अध्यक्षांचं बोट थांबलं. "गेलो होतो. कंपनीच्या इंजिनिअरला भिंत मोजायची होती. दहा मिनिटं. तो पूर्ण वेळ बरोबर होता, विचारा त्याला."

"मतदान हरलात तेव्हा वाईट वाटलं?"

"खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. दोन वर्षं हेच चाललंय हो. मग आमचा जुना कप्तान, आता संघाला शिकवतो तो, ओरडला की हे गेलेल्यांचे बिल्ले, आणि पुन्हा सुरू झालं."

चिटणिसांची कचेरी म्हणजे चार कपाटं आणि मधे एक माणूस. त्यांना दमा होता. लहानपणी मैदानाच्या बाहेर बसून इतरांचे सदरे सांभाळले होते, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

"किल्ली त्या खिळ्याला होती. आधी अध्यक्ष घेऊन गेले, कंपनीच्या साहेबांबरोबर. नंतर कप्तान. पंप हवा होता त्याला. पंप नेला, किल्ली परत आणून लावली. मी इथंच होतो."

"मतदानाच्या दिवशी पेट्या कोण हाताळत होतं?"

"फाटकावर मी आणि मावशी समोरासमोर बसलो होतो. तिथं मूठभर बिल्ले टाकणं शक्य नाही, मी पाहिलं असतं. दोन्ही पेट्या रिकाम्या आहेत हे आधी सगळ्यांना दाखवलं होतं. संपल्यावर अध्यक्षांनी 'हो'ची पेटी उचलली, कप्तानानं 'नको'ची. बोगद्यातून सभागृहात नेल्या. मावशी कप्तानाच्या मागोमाग होत्या. अध्यक्षांचं म्हणणं, तिथंच त्यांनी टाकले. काठी टेकत चालणारी बाई चालत्या पेटीत बिल्ले टाकेल कशी, हे त्यांनाच ठाऊक."

"मोजताना गेलेल्याचा बिल्ला कसा ओळखलात?"

"यादी होती ना. मतदानाच्या आधीच्या सोमवारपासून सभागृहात लावली होती. वारलेल्यांच्या नंबरापुढे फुली आहे. दरवर्षी मोसम संपला की मी मावशींना विचारून फुल्या मारतो."

"मोसम संपला की. मग या मोसमातले आठ?"

"त्यांच्यापुढे अजून फुली नाही. कागदावर जिवंत आहेत बिचारे."

"आणि यादी लावायची कल्पना तुमची?"

"कप्तानाची. म्हणाला, सगळ्यांसमोर लावा, म्हणजे कुणी खोटा बिल्ला टाकला तर लगेच पकडता येईल." चिटणिसांनी दम घेतला. "आणि खरंच पकडला त्यानंच. हातात बिल्ला घेऊन म्हणाला, अरे, हा तर आपला डावीकडून खेळणारा जुना लेफ्ट-आउट! रडला हो तो."

कप्तान खेळाडूंच्या खोलीत बसला होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, एक गुडघा कायमचा दुखावलेला. भावोजी त्याच्या समोर बसताना विद्यार्थ्यासारखे बसले. त्याच्या एका गोलवर त्यांनी कधी काळी दीड रकाना लिहिला होता.

"मावशींना सोडून द्या म्हणतोय मी सगळ्यांना," कप्तान म्हणाला. "प्रेमापोटी केलं असेल. चूक होते माणसाच्या हातून. म्हातारपण आहे."

"म्हणजे त्यांनीच केलं, असं तुम्ही धरून चाललात."

"तसं नाही... पण डबा त्यांच्याकडे होता."

बोलता बोलता त्यानं गळ्यातली शिट्टी काढली. तिची दोरी त्यानं चार बोटांवर गुंडाळली, लड काढली आणि टोक दोनदा आत खोवलं.

"सुरेख गुंडाळता," वहिनी म्हणाल्या.

"आमच्या उस्तादांची शिस्त. नाडी मोकळी दिसली की मैदानाला पाच फेऱ्या. माझ्या वेळचे सगळे असंच करायचे. आता कोण उरलंय? मी एकटा."

"आताच्या खेळाडूंना शिकवत नाही?"

"ते कुठले ऐकतात, नाड्या तशाच लोंबत असतात!" तो हसला, मग गुडघा चोळू लागला. "वीस वर्षं झाली शिकवतोय. पगार नाही, काही नाही. मुलगी विचारते, बाबा, तुम्ही नक्की काय करता? काय सांगणार?"

भिंतीवर त्याच्या अक्षरात एक कागद लावलेला होता : पुढच्या मोसमाचा सराव. सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते दहा. खाली एकवीस खेळाडूंची नावं.

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "बघितलंत? आठवड्यातले सहा दिवस! एवढी मेहनत कोण घेतं आजकाल? देवमाणूस."

"भावोजी, तुमच्या संघातले खेळाडू पोटापाण्याला काय करतात?"

"एक छापखान्यात, दोन वर्कशॉपमध्ये, एक शाळेत शिपाई, तिघं टपालखात्यात... का हो?"

"उगाच," वहिनी म्हणाल्या, आणि छत्री उघडून चालू लागल्या.

बुधवारी चार वाजता सभागृहात लांब टेबलाभोवती कार्यकारिणी बसली : अध्यक्ष, चिटणीस, कप्तान, आणि अध्यक्षांच्या हो ला हो म्हणणारे दोघे. मावशी दाराजवळच्या खुर्चीवर होत्या. आरोप झालेल्याच्या वतीनं एकाला बोलता येई, तसा नियम होता. वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, एक मोकळी लांब नाडी काढली, आणि डब्याला जागा करताना ती सहज कप्तानाच्या पुढ्यात ठेवली.

"मी गणित शिकवायची," त्या म्हणाल्या. "उत्तर चुकलं की मी मुलांना विचारायची, तुम्हाला मुळात काढायचं काय होतं? इथं सगळ्यांनी धरलं की कुणाला तरी 'नको' जिंकवायचं होतं, म्हणून त्यानं 'नको'त एकतीस मतं घातली. हेच चुकलंय."

"बिल्ले 'नको'तच होते," अध्यक्ष म्हणाले.

"होते. पण कोणते? या मोसमात आठ सभासद वारले. त्यांची नाडी डब्यात सगळ्यात वर आहे. यादीत त्यांच्यापुढे फुली नाही. ते आठ बिल्ले पेटीत पडले असते तर मोजणाऱ्यांनी ते मुकाट्यानं मोजले असते. हात घातला की आधी तेच लागतात. ज्याला मतं वाढवायची होती त्यानं ते आठ सोडले कशाला? ती नाडी उचलून बाजूला ठेवली, खालच्या चार घेतल्या आणि पुन्हा ती वर ठेवली. जे बिल्ले हमखास पकडले जातील, नेमके तेच नेले."

"घाईत नसेल सुचलं," टेबलाच्या टोकाचा एकजण म्हणाला.

"घाईत माणूस वरचं उचलतो. नाही, त्याला मतं नकोच होती. त्याला पकडले जाणारे बिल्ले हवे होते. कारण एक जरी सापडला तरी नियम अकरा. मतदान रद्द, निर्णय या टेबलावर. म्हणजे हे करणाऱ्याला क्लब विकला जायला हवा होता."

मावशींनी मान वर केली. अध्यक्ष लाल झाले.

"मग माझ्यावर येतंय म्हणा की."

"आधी मलाही तसंच वाटलं. पण तुम्ही 'हो'ची पेटी नेलीत, आणि शुक्रवारी खोलीत तुमच्याबरोबर पूर्ण वेळ इंजिनिअर होता. सकाळी विचारलं मी त्याला. चिटणीस जागेवरून हलले नाहीत. खेळाडू सहापर्यंत कामावर असतात. खोलीत एकटा गेला तो एकच माणूस, पंप आणायला. यादी लावायचा आग्रह त्याचा. 'नको'ची पेटी त्याच्या हातात. बोगद्यातून जाताना आठशे बिल्ले खुळखुळत होते, आणखी एकतीस पडलेले कुणाला ऐकू येणार? आणि ओरडला तोही तोच. कारण दुसऱ्या कुणाच्या नजरेतून निसटले असते तर सगळं फुकट गेलं असतं."

"वहिनी!" भावोजी उभेच राहिले. "अहो, हा माणूस वर्षभर 'नको' म्हणून सांगत फिरला. त्याला काय मिळणार?"

"सकाळी सात ते दहा, सोमवार ते शनिवार. छापखान्यातला, टपालखात्यातला माणूस त्या वेळी कुठं असतो, भावोजी? तो सराव पगारी खेळाडूच करू शकतात. क्लब 'नको' म्हणणार असं ज्याला वाटतं, तो असा कागद लिहीत नाही. कंपनीनं प्रशिक्षकाचं नाव झाकून ठेवलंय, कारण त्या माणसानं लोकांना वेगळंच सांगितलंय."

कप्तान म्हणाला, "कागदावरून काही सिद्ध होत नाही, बाई."

"नाही होत," वहिनींनी मान्य केलं. "हातात काय आहे ते पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. कप्तानानं स्वतःही पाहिलं. मोकळी नाडी त्याच्या चार बोटांवर गुंडाळून झाली होती, आणि टोक दोनदा आत खोवलेलं होतं.

वहिनींनी रुमाल सोडून डब्यातल्या चार लडी तिच्या शेजारी मांडल्या. पाचही सारख्या.

"नाड्या खिशात घालून नेल्या असत्या तर मला एवढंच सांगता आलं असतं की मावशींनी केलं नाही. पण तुमच्या वेळचे एकटेच उरलात तुम्ही, आणि तुम्हाला नाडी मोकळी सोडवत नाही."

बाहेर गवत कापायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"वीस वर्षं," कप्तान शेवटी म्हणाला. "कंपनीचा माणूस म्हणाला, तुम्ही हेच काम करा, आम्ही तुम्हाला त्याचं काहीतरी देऊ. एवढंच म्हणाला. तोपर्यंत मी फाटकावर उभा राहून 'नको, नको' करून बसलो होतो. लोक पाठीवर थाप मारत होते. कोणत्या तोंडानं 'हो' म्हणू? वाटलं, रद्द झालं की आपोआप होईल. कुणाला दोष लागणार नाही."

"मला लागला की," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला काढतील असं वाटलं नव्हतं. नंतर... नंतर मागं फिरता येईना."

मावशी काठीवर भार देऊन उठल्या. त्या त्याच्यापर्यंत चालत गेल्या. सगळ्यांना वाटलं, आता काठी उगारतात.

"वेड्या," त्या म्हणाल्या, "मला सांगायचंस. तुझ्यासाठी मी 'हो'त टाकला असता रे बिल्ला. फाटकावर बसून शंभर जणांना टाकायला लावला असता."

कप्तानानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मावशींवरचा आरोप तिथंच मागं घेतला गेला. चिटणिसांनी तो ठराव उभं राहून वाचला आणि वाचताना त्यांना दोनदा दम लागला. मग अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक ओढलं.

"खोटे बिल्ले कुणीही टाकलेले असोत, सापडले आहेत," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. "नियम अकरा लागू आहे."

चिटणिसांनी फेरमतदान सुचवलं. त्यांच्या बाजूनं एकच हात वर झाला, त्यांचा. विक्रीच्या ठरावावर तीन हात वर झाले. कप्तानानं दोन्ही वेळा हात वर केला नाही.

पुढच्या दोन वर्षांत मैदानाला एका साबणाचं नाव मिळालं आणि नंतर दुसऱ्या साबणाचं. जर्सीचा रंग बदलला. अध्यक्षांना कंपनीनं वर्षभर मानाची खुर्ची दिली, मग ती मागच्या रांगेत हलवली. त्यांनी येणं सोडलं. नवा स्टँड मात्र पक्का झाला, तेवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

चिटणीस ग्रंथालयात लागले. तिथं धूळ जास्त असूनही त्यांचा दमा कमी झाला, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटे.

कप्तानाला कंपनीनं घेतलं नाही. बभ्रा झालेला माणूस त्यांना नको होता. त्यांनी बाहेरून प्रशिक्षक आणला, तो सात महिने टिकला. कप्तान गावाबाहेरच्या एका मुलींच्या शाळेत खेळाचा शिक्षक झाला. पगार जेमतेम होता, पण महिन्याच्या महिन्याला येई.

मावशींची खोली स्टँड पाडला तेव्हा गेली. बहिणीच्या मुलानं घरातली पुढची खोली त्यांना दिली. रस्त्यात भेटणाऱ्या बायका थांबून त्यांच्याशी बोलत. त्या आणखी नऊ वर्षं जगल्या.

भावोजींनी फुटबॉल पाहणं सोडतो म्हणून जाहीर केलं आणि मुलींच्या शाळेचे सामने पाहायला जाऊ लागले. वहिनी त्यांच्याबरोबर एकदाच गेल्या, छत्री घेऊन. बाजूच्या रेषेजवळ खुर्ची टाकून मावशी बसल्या होत्या आणि पंचाला त्याच्या चष्म्याचा नंबर विचारत होत्या. सामना संपल्यावर कप्तान लंगडत आला, त्यानं खुर्ची मिटून खांद्यावर घेतली, आणि दोघं हळूहळू बसथांब्याकडे चालू लागले. मावशी काहीतरी बोलत होत्या. तो मान हलवत होता.

"काय बोलत असतील?" भावोजींनी विचारलं.

"ते शोधायला आपल्याला कुणी सांगितलेलं नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्या दोघांना घेऊन बस निघेपर्यंत त्या तिथंच थांबल्या.